माळ्यावरचे नामंजूर प्रस्ताव

वस्त्यांत काम करणाऱ्या आमच्या संस्थेचे कार्यालय पुण्यात नवी पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, सव्वीस वर्षे होते. दोन वर्षांपूर्वी वाडा पुनर्विकासाला गेला आणि मालकांनी खोल्या रिकाम्या करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. कपाटे, सतरंज्या, शिलाई यंत्रे या सगळ्यांची कुठे ना कुठे सोय लागली. अडले ते माळ्यावर. तेथे अकरा बॉक्स फाइली आणि सुतळीने बांधलेली चार गाठोडी होती, आणि त्यांत १९९८ पासून २०२२ पर्यंत आम्ही निधीसाठी केलेले अर्ज, म्हणजे आमच्या बोलीत ‘प्रपोझलं’, होती. मोजली तेव्हा त्रेसष्ट भरली. त्यांपैकी सतरा मंजूर झालेली, आणि उरलेली सेहेचाळीस एक तर नाकारलेली, नाही तर ज्यांना कधी उत्तरच आले नाही अशी. यांतली निम्म्याहून अधिक माझ्या हातची. मी संस्थेत आले हिशेब लिहायला. अक्षर बरे आणि वाक्य जुळवता येते म्हणून अर्जलेखनही माझ्याकडे आले आणि मग ते कायमचेच चिकटले.

नव्या जागेला माळा नाही. आमचे हिशेब तपासणारे काका म्हणाले, “ताई, मंजूर झालेली ठेवा, बाकीची रद्दीत घाला. नापास झालेल्या उत्तरपत्रिका कोणी जपून ठेवतं का?” मंजूर अर्ज ठेवणे भागच होते, २०२२ मध्ये आलेल्या आयकराच्या नियमानुसार धर्मादाय संस्थांना हिशेबाची कागदपत्रे संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे सांभाळावी लागत होती, आणि मंजूर निधीचा अर्ज, करारपत्र व विनियोग प्रमाणपत्र ही सगळी त्यातच आली. नामंजूर अर्जांना मात्र असे कोणतेच संरक्षण नव्हते. रद्दीवाल्याला निरोपही गेला होता.

मी तो थांबवला याचे कारण २०१९ मध्ये घडलेली एक गोष्ट. त्या वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि कात्रजपासून खाली अरण्येश्वर, दांडेकर पुलापर्यंत ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. आमचे काम दांडेकर पुलाच्या परिसरात आहे. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे येणाऱ्या बायकांची पहिली मागणी धान्याची किंवा चादरींची नव्हती. ती कागदांची होती. पत्र्याच्या पेटीत ठेवलेली शिधापत्रिका, वीजबिले, मुलांचे दाखले, सगळ्याचा लगदा झाला होता, आणि दुय्यम शिधापत्रिकेसाठी अर्ज करायचा तर जुन्या पत्रिकेचा क्रमांक तरी हवा, तो कोणालाच पाठ नव्हता. तेव्हा आमच्या एका कार्यकर्तीला आठवले की २०१७ मध्ये आपण वस्तीतल्या शौचालयांसाठी जो अर्ज केला होता, त्याच्या परिशिष्टात घरोघरची यादी आहे. एकशे चाळीस घरे, कुटुंबप्रमुखाचे नाव, राहत असल्याची वर्षे, शिधापत्रिकेचा क्रमांक, वीजमीटरचा क्रमांक. अर्ज नाकारला गेला होता; देणगीदाराला त्या वर्षी शौचालयांऐवजी संगणक द्यायचे होते. पण यादी जिथल्या तिथे होती. चार दिवस आमच्या ओसरीवर रांग लागली आणि आम्ही चिठ्ठ्यांवर क्रमांक लिहून देत राहिलो. ज्यासाठी ते कागद केले होते त्यासाठी त्यांचा काडीचाही उपयोग झाला नव्हता, हे मला त्या रांगेकडे पाहताना फार ठळकपणे जाणवले होते.

म्हणून मी काकांना सांगितले की आधी सगळे वाचू, मग टाकू. मुदतीचे दोन महिने तर गेलेच, शिवाय पुढचे चार महिने ती गाठोडी माझ्या घरच्या दिवाणाखाली राहिली, आणि त्याबद्दल घरात जे ऐकावे लागले ते येथे लिहीत नाही.

पहिले काम कालक्रम लावण्याचे होते, कारण एक तृतीयांश अर्जांवर तारीखच नव्हती. तारीख सोबतच्या पत्रावर असे आणि ते पत्र आमच्या प्रतीला जोडलेले नसे. हळूहळू खुणा सापडत गेल्या. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक सात आकडी असला की अर्ज खूप जुना. रकमेपुढे ‘रु.’ ऐवजी रुपयाचे नवे चिन्ह असले की तो जुलै २०१० च्या नंतरचा, कारण चिन्ह स्वीकारले गेले तेच तेव्हा. कोटेशनवर व्हॅट असला की आधीचा, जीएसटी असला की १ जुलै २०१७ च्या नंतरचा. भाषाही साल सांगत होती. ‘सहस्रक विकास उद्दिष्टे’ हा संयुक्त राष्ट्रांचा शब्द आमच्या अर्जांत २०१५ पर्यंत मिरवतो आणि मग एकाएकी त्याच परिच्छेदात, त्याच जागी ‘शाश्वत विकास उद्दिष्टे’ येतात; आमचे काम मात्र रेसभरही बदललेले नसते. कंपनी कायद्याचे कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले, मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे आले, आणि तेव्हापासून आमच्या अर्जांतले ‘उत्थान’ आणि ‘प्रबोधन’ जाऊन ‘आउटपुट’, ‘इम्पॅक्ट’ आले. ते शब्द मीच लिहिले होते. वाचताना मात्र असे वाटत होते की दर पाच वर्षांनी आमच्या वस्तीत नवी माणसे राहायला येत होती.

काही अर्जांचे कागद हरवले होते, पण सीडीवर फाइली होत्या. त्या उघडल्या तर पडद्यावर चौकोन, टोप्या घातलेली परकी अक्षरे आणि प्रश्नचिन्हे. २००० ते २०१० या काळात आम्ही सगळे मराठी श्रीलिपी किंवा सी-डॅकचे आयएसएम या टंकलेखनाच्या संगणक-प्रणालींत टंकित करत असू. दोन्ही इथलीच, पुण्याची. त्या फॉन्टांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतो, रोमन अक्षराच्या जागेवर काढलेले ते ‘क’चे चित्र असते, त्यामुळे फॉन्ट नसला की चित्र जाते आणि मागचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नेणारी परिवर्तके मिळतात, पण ती ऱ्हस्व वेलांटीपाशी अडखळतात: जुन्या फॉन्टात ती डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर. रफारही असाच भरकटतो. एका अर्जात सगळे ‘कार्यकर्ते’ ‘कायकर्ते’ झाले होते, आणि ते वाचून आमच्या कार्यकर्ती बराच वेळ हसत होत्या. नऊ अर्ज मी असे ओळीओळीने दुरुस्त केले. दोन फ्लॉपी मात्र वाचताच आल्या नाहीत.

आता उपयोगांकडे येते. जुना अर्ज म्हटला की प्रत्येकाला सुचणारा पहिला उपयोग म्हणजे त्यातला मजकूर उचलून नव्या अर्जात घालणे. माझा सांगण्यासारखा निष्कर्ष असेल तर तो हाच की हा उपयोग सर्वांत निकृष्ट आहे आणि आम्ही तो वीस वर्षे करत होतो. सगळे अर्ज ओळीने लावल्यावर दिसले की ‘सातवीनंतर शाळा सोडलेली ४२ मुले’ हा आकडा आमच्याकडे २०११ च्या अर्जात प्रथम येतो आणि नंतर २०१६ पर्यंत प्रत्येक अर्जात तसाच येत राहतो. सहा वर्षे तीच बेचाळीस मुले सातवीनंतर शाळा सोडत होती! त्यांतले काही जण तोवर रिक्षा चालवू लागले होते. दोघांच्या लग्नाला मी स्वतः जेवून आले होते. पुणे शहराची ३१ लाख २४ हजार ही २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्याही अशीच २०२२ पर्यंत चालत आली, पण तिथे आमचा नाइलाज होता, कारण २०२१ ची जनगणनाच पुढे गेली. ४२ च्या बाबतीत मात्र कोणी वस्तीत जाऊन पुन्हा मोजले नाही एवढेच कारण होते. शिवाय मजकूर उचलून चालत नाही याचे दुसरेही कारण आहे: पैसा येण्याच्या वाटाच बदलतात. आमचे चार चांगले अर्ज एका मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या परदेशी निधीसाठी होते. परदेशी निधीच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने असा निधी दुसरीकडे देण्यावरच बंदी आली. त्या चार अर्जांची वाट तेव्हाच बंद झाली, मजकूर कितीही सुरेख असला तरी.

उलट ज्या पानांकडे आम्ही कधी वळूनही पाहिले नव्हते, ती अंदाजपत्रकाची पाने सोन्यासारखी निघाली. प्रत्येक अर्जात वह्यांचा दर, खोलीचे भाडे, शिक्षिकेचे मानधन, खाऊचा प्रतिदिन खर्च लिहिलेला असतो, आणि तोही कोटेशनसह. काकांनी हे सगळे एका मोठ्या तक्त्यात उतरवले. त्यातून असे दिसले की २००६ ते २०२२ या काळात अभ्यासिकेच्या भाड्याची रक्कम आम्ही सहापटीने वाढवून मागितली, खाऊची चौपट, आणि शिक्षिकेचे मानधन मात्र १,५०० रुपयांवरून ४,००० वर आणून ठेवले. देणगीदारांनी कापले असेल असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो. अर्जांनी दाखवले की बहुतेक वेळा आम्ही मागितलेच कमी होते. ‘मानधन जास्त दिसले तर नाकारतील’ या धास्तीने मीच आकडा खाली आणत असे. गेल्या वर्षी एका कंपनीच्या अधिकाऱ्यांशी बोलणी चालू असताना त्यांनी, संस्थेचा एकही पगार यात बसणार नाही, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे, असे सांगितले. काकांनी शांतपणे दोन कागद पुढे ठेवले. एक तो तक्ता, आणि दुसरा कंपन्यांच्या सामाजिक खर्चाच्या २०२१ च्या सुधारित नियमांची प्रत, ज्यात ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर घातलेली आहे; शिक्षिकेचे मानधन हा तर प्रकल्पाचाच खर्च. मानधन ७,००० झाले. ते अजूनही कमीच आहे.

आणखी एक उपयोग आम्हाला नव्या कार्यकर्त्यांनी शोधून दिला. आमच्याकडे त्या सुमारास समाजकार्याची पदवी नुकतीच घेतलेल्या दोन मुली रुजू झाल्या. त्यांना संस्थेची ओळख करून द्यायची म्हणजे एरवी आम्ही वार्षिक अहवाल हातात देतो, आणि अहवालात तर सगळे यशस्वीच झालेले असते. यावेळी मी त्यांना सहा जुने अर्ज दिले, निकाल लिहिलेले पान काढून, आणि म्हटले की तुम्ही निवड समिती आहात असे समजा, पैसे दोन अर्जांपुरतेच आहेत. त्यांनी दोन दिवस घेतले. ज्या दोन अर्जांना पसंती दिली त्यांतला एकही मूळ देणगीदारांनी मंजूर केलेला नव्हता, हे मला आवडले. पण त्यांनी नाकारलेल्या एका अर्जाबद्दल धाकटी म्हणाली, “ताई, यात साठ मुलांची अभ्यासिका आहे, शिक्षिका आहेत, फळा आहे, पुस्तकं आहेत, पण भाडं कुठेच नाही. मग ही मुलं बसणार कुठे?” अर्ज २००४ चा होता आणि माझ्याच हातचा. तेव्हा आम्हाला एका मंडळाचा हॉल फुकट मिळत असे, आणि ते इतके गृहीत होते की लिहायचे सुचले नाही. देणगीदाराने नकाराचे कारण दिले नव्हते. वीस वर्षांनी मला ते कळले, निदान तसे मी समजते.

याच काळात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सांगितल्याशिवाय हे लिहिणे प्रामाणिक होणार नाही. जे अर्ज वाचून झाले आणि ज्यांत ठेवण्यासारखे काही नाही असे वाटले, त्यांचे पाठकोरे कागद मी अभ्यासिकेतल्या मुलांना चित्रे काढायला दिले. पाठकोरा कागद टाकू नये हा आमच्या पिढीचा धर्म. तिसऱ्या दिवशी पाचवीतली एक मुलगी मोराचे चित्र घेऊन माझ्याकडे आली. मी मोराचे कौतुक करू लागले तर तिने कागद उलटा केला आणि म्हणाली, “ताई, हे आमच्या शेजारच्या काकांचं नाव आहे ना?” तो २०१३ च्या व्यसनमुक्तीच्या अर्जाच्या सर्वेक्षणाचा तक्ता होता. नावे होती, गल्ली होती, महिन्याची मिळकत होती, आणि शेवटच्या रकान्यात ‘दारू: होय / नाही’ अशी खूण होती. तिने सगळी ओळ वाचली होती.

मी त्या संध्याकाळी दिलेले सगळे कागद परत गोळा केले. मोजल्यावर तीन कमी भरले. त्यांतले दोन मुलांच्या घरी जाऊन आणले, आणि त्या घरांत काय सांगायचे हे मला सुचत नव्हते, म्हणून मी जे खरे होते तेच सांगितले. तिसरा मिळाला नाही. ती माहिती घेताना लोकांना आम्ही म्हटले होते की ही फक्त अर्जापुरती आहे. २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा हेच सांगतो, की माहिती ज्या कारणासाठी संमतीने घेतली त्याच कारणापुरती वापरावी. पण हे कळायला मला कायद्याची गरज पडायला नको होती.

त्यानंतर आम्ही सर्व परिशिष्टे अर्जांपासून वेगळी केली. व्यसन, आजार, कौटुंबिक हिंसा यांच्या नावानिशी याद्या हाताने फाडून, पाण्यात भिजवून, लगदा करून टाकल्या. कागद कापायचे यंत्र आमच्याकडे नाही. एकूण संख्या तेवढ्या वहीत उतरवून ठेवल्या. पण मग २०१७ च्या त्या शिधापत्रिकांच्या यादीचे काय करायचे? तीही नावानिशीच होती, आणि पुरात तिनेच लोकांना तारले होते. यावर आमच्यात दोन बैठका वाद झाला. काका म्हणत होते कुलूपबंद ठेवू. धाकटी कार्यकर्ती म्हणत होती नष्ट करू. शेवटी बचत गटाच्या एका सदस्येने अगदी साधे उत्तर दिले: ज्याची ओळ त्याला द्या. आम्ही यादीच्या पट्ट्या कापल्या आणि प्रत्येक घराला त्याची पट्टी, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, देऊन आलो. एकशे चाळीसपैकी एकशे अकरा घरे सापडली. बाकीची वस्ती सोडून गेलेली.

पट्ट्या वाटताना लोक विचारू लागले की आमच्याबद्दल अजून काय काय लिहिले आहे. त्यामुळे शेवटचा उपयोग ठरवून केलेला नाही, तो आमच्यावर येऊन पडला. एका शनिवारी दुपारी महिलांच्या बैठकीत मी जुन्या अर्जांतले ‘समस्येचे स्वरूप’ हे प्रकरण वाचून दाखवायला घेतले. सुरुवातीला फार अवघड वाटले, कारण ती भाषा त्यांच्यासमोर वाचण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ‘लक्ष्यगट’ म्हणजे कोण, असे एकीने विचारले; मी म्हटले, तुम्ही. पाण्याबद्दलचे वाचले तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली की नळ तेव्हा दिवसातून एकदा येत असे हे खरे, पण पहाटे साडेचारला, आणि ते लिहिले नाही तर काय लिहिले? मी समासात नोंद केली. २००२ च्या अर्जातले घरांचे वर्णन त्यांना बरोबर वाटले, इतके की दोघीतिघी पूर्वी कोणाचे दार कुठे होते यावरून आपसांत बोलत राहिल्या आणि मला पाच मिनिटे थांबावे लागले.

मग २००८ चा अर्ज आला, बचत गट सुरू करण्यासाठी केलेला. त्यात मी लिहिले होते: ‘वस्तीतील महिलांमध्ये बचतीबाबत कोणतीही जागृती नसून आर्थिक नियोजनाचा पूर्ण अभाव आहे.’ हे वाचल्यावर आधी कोणी काही बोलले नाही. नंतर मागच्या रांगेतून एक साठीच्या बाई म्हणाल्या, “अहो ताई, त्या साली माझ्याच भिश्या दोन होत्या. एक शंभराची आणि एक पाचशेची.” दुसरीने तिसरीचे नाव घेतले, तिसरीने बोटांवर मोजून वस्तीतल्या सहा भिश्या सांगितल्या, कोणाच्या भिशीत कोणाचे मंगळसूत्र सुटले, कोणी पहिला हप्ता उचलून गावी पळून गेली आणि पुढच्या दिवाळीला परत येऊन सगळे फेडले, हे सगळे. ज्या वर्षी मी त्यांना बचत शिकवण्यासाठी अडीच लाख रुपये मागत होते, त्या वर्षी एकट्या त्या गल्लीत महिन्याला वीस हजारांच्या आसपास रक्कम विश्वासावर फिरत होती. मी तेव्हा त्या गल्लीत आठवड्यातून दोनदा जात होते. मला भिशी ठाऊक नव्हती असे नाही, माझी आई स्वतः भिशी लावत असे. पण अर्जात ‘अभाव’ लिहावा लागतो, आणि आहे ते लिहिले तर पैसे कशाला देतील, असे मनात पक्के बसलेले होते.

आता नवा अर्ज पाठवण्याआधी ‘समस्येचे स्वरूप’ त्या बैठकीत वाचून दाखवायचे असे ठरले आहे. वेळ लागतो, मुदत चुकते की काय अशी धाकधूक होते, आणि काका कुरकुरतात. पहिला असा अर्ज गेला त्याची सुरुवात वस्तीत चालू असलेल्या भिश्यांच्या संख्येने झाली आहे.

बैठक संपल्यावर त्या साठीच्या बाई माझ्यापाशी थांबल्या आणि त्यांनी २००८ च्या त्या पानाची एक झेरॉक्स मागितली. कशाला, असे मी विचारले. “सुनेला दाखवते,” त्या म्हणाल्या, “आम्हाला बचत कळत नव्हती म्हणे.” पानावर कोणाचे नाव नव्हते हे मी दोनदा तपासून घेतले आणि प्रत काढून दिली. त्या आठवड्यात त्या एका पानाच्या सात झेरॉक्स गेल्या. देणगीदाराकडे पाठवताना आम्ही त्या अर्जाच्या तीनच प्रती काढल्या होत्या.